पुठ्ठ्याचे संगणक

संगणकप्रणाली बनवून घेणारा ग्राहक आणि ती लिहिणारे प्रोग्रामर यांनी काय बनवायचे ते आधी सविस्तर लिहून काढावे, त्यावर सह्या कराव्यात आणि मगच कामाला लागावे, या रीतीच्या समर्थनार्थ विन्स्टन रॉइस यांच्या १९७०च्या लेखाचा आधार वारंवार दिला गेला. गरजांची नोंद, विश्लेषण, आराखडा, प्रोग्रामलेखन आणि चाचणी अशा एकाखाली एक उतरणाऱ्या पायऱ्यांची जी आकृती त्यांनी काढली, तिला पुढे ‘वॉटरफॉल’ म्हणजे धबधबा हे नाव पडले. वस्तुतः अशा एकाच फेरीत काम उरकणे धोक्याचे आहे आणि ग्राहकाला सतत सोबत घेतले पाहिजे, असे रॉइस यांनी त्याच लेखात बजावले होते. आकृती टिकली, इशारा मात्र मागे पडला, आणि या व्यवसायाची ती मोठी हानी होती.

वेगळी वाट स्कँडिनेव्हियात निघाली. ‘सिम्युला’ या प्रोग्रामिंग भाषेचे एक जनक क्रिस्टन न्यूगार्ड यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी नॉर्वेतील लोखंड व धातू कामगार संघटनेबरोबर काम केले आणि यंत्र ज्याच्या हाती येणार त्याला त्याच्या रचनेत बोलण्याचा अधिकार आहे, ही भूमिका रुजवली. तिचे सर्वांत समृद्ध फळ म्हणजे १९८१ ते १९८५ या काळातला ‘यूटोपिया’ प्रकल्प. शिशाचे खिळे जाऊन फोटोटाइपसेटिंग आले होते आणि आता वृत्तपत्राच्या पानाची मांडणीही पडद्यावर जाऊ घातली होती; तेव्हा नॉर्डिक मुद्रण कामगार संघटना आणि पेले एन, मॉर्टेन क्यूंग, सुझान बोडकर यांच्यासारखे स्वीडन-डेन्मार्कमधील संशोधक एकत्र आले. संशोधकांनी आधी नेहमीच्या पद्धतीने प्रणालीची वर्णने आणि आकृत्या मांडल्या, परंतु पानाचा तोल नजरेने जोखणाऱ्या कसबी कामगारांना त्या कागदांत आपले काम ओळखूच येईना. मग त्यांनी ‘मॉकअप’, म्हणजे खोटी पण हाताळता येणारी प्रतिकृती, उभी केली: लाकूड, कागद, पडद्याच्या जागी प्रक्षेपित केलेल्या स्लाइड आणि लेझर प्रिंटर म्हणून चक्क वर तसे लिहिलेले पुठ्ठ्याचे खोके. कामगार त्या मांडणीसमोर बसून पान लावत आणि हातांना सवयीने ठाऊक असलेले, पण विचारले असता शब्दांत न येणारे ज्ञान कृतीतून प्रकट होई. शिवाय पुठ्ठा कोणालाही कापता येत असल्याने बदल सुचवण्यासाठी तंत्रज्ञाची परवानगी लागत नसे, आणि या साधनाचे खरे सामर्थ्य बहुधा येथेच होते.

अमेरिकेत क्रायस्लर कंपनीच्या वेतनप्रणालीच्या प्रकल्पात १९९६ पासून केंट बेक यांनी याच्या जवळची रीत वापरली: गरज लहानशा कार्डावर ‘स्टोरी’ म्हणून लिहायची आणि तपशील ठरवायला वेतनाचे काम जाणणारी व्यक्ती प्रोग्रामरांसोबतच बसवायची. १९९७ मध्ये या प्रणालीने सुमारे दहा हजार जणांचे पगार काढले, तरी २००० मध्ये प्रकल्प थांबवण्यात आला. त्याच चमूतील रॉन जेफ्रिज यांनी २००१ मध्ये स्टोरीचे तीन भाग सांगितले: कार्ड, संभाषण आणि खातरजमा. या मांडणीत कार्ड म्हणजे गरजेचा पूर्ण मजकूर नव्हे, तर पुढे बोलायचे आहे याची केवळ खूण असते; खातरजमा म्हणजे काम पुरे झाले हे ग्राहकाला पटवणारी चाचणी.