पथ्याची वाटी

‘पथ्य’ हा आपल्याकडे घरातला शब्द. कावीळ झाली की तेलकट बंद, बाळंतिणीला अमुक वर्ज्य. काय खायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ आपण लहानपणापासून ऐकत आलो. मांजरांच्या पथ्याहारावरचं हे पुस्तक उघडणाऱ्या वाचकाचं, मग तो पशुवैद्यकाचा विद्यार्थी असो की घरी मांजर पाळणारा, मनापासून स्वागत करताना एकच विनंती आहे : या शब्दाचा अर्थ थोडा रुंद करून घ्यावा. इथे पथ्य हा उपचार तर आहेच, पण त्याआधी ती तपासणी आहे.

मांजराला अन्नाची ॲलर्जी आहे का, हे रक्त तपासून खात्रीने सांगता येत नाही. रक्ताच्या आणि लाळेच्या चाचण्या मिळतात, पण त्यांच्या निकालांवर विसंबू नये. भरवशाची वाट एकच. जे प्रथिन त्या मांजराने कधी खाल्लेलं नाही, किंवा विकरांनी इतकं बारीक तोडलेलं आहे की शरीराच्या संरक्षणव्यवस्थेला ते ओळखूच येऊ नये, तेवढंच किमान 8 आठवडे द्यायचं. बाकी काही म्हणजे काहीही नाही.

हे लिहायला सोपं आहे. माझ्याकडे किनारपट्टीवरच्या एका घरातून करड्या रंगाची मांजरी आली होती. मानेच्या केसांतून बोट फिरवलं की रव्यासारख्या खपल्या लागायच्या. या त्वचारोगाचं इंग्रजी नाव राळ्याच्या दाण्यावरून पडलं आहे, ते का हे त्या दिवशी बोटांनाच कळलं. चाटून चाटून पोट उघडं पडलेलं. पिसवांचा बंदोबस्त आधी केला, मग रोजचा बांगडा-भात बंद करून पथ्यान्न सुरू केलं. सहा आठवडे गेले तरी खाज तशीच. शेवटी नातीने सांगितलं, आजी रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की मांजरीला चिमूटभर सुका जवळा घालते. त्यात मायाच होती. आजींना समोर बसवून सगळं नीट समजावलं, पहिल्यापासून पुन्हा मोजायला लागलो, आणि दुसऱ्या महिन्यात पोटावर मऊ लव दिसू लागली.

मासळी हे मांजराचं हक्काचं खाणं, असं आपण धरून चालतो. पण मांजरांच्या अन्न-ॲलर्जीची कारणं नोंदवणाऱ्या अभ्यासांत गोमांस, मासे आणि कोंबडी हीच नावं वरच्या ओळीत येतात. दुधाची गोष्ट वेगळी. तिथे बहुधा ॲलर्जी नसते. वयात आलेल्या मांजरांत दुधातली साखर पचवणारं विकर कमी होतं आणि जुलाब होतात. बाहेरून त्रास सारखाच दिसतो, पण आतलं कारण निराळं, आणि म्हणून पथ्यही निराळं.

पोटाच्या तक्रारींचा निकाल त्वचेपेक्षा लवकर लागतो, बऱ्याचदा दोन आठवड्यांतच. न्यूझीलंडमधल्या मॅसी विद्यापीठातल्या संशोधकांनी 2001 मध्ये पोटाचा जुनाट त्रास असलेल्या 55 मांजरांचा अभ्यास मांडला. त्यांपैकी 16 मांजरांचा त्रास अन्नाशी जोडलेला निघाला. वर्षानुवर्षं ओकणाऱ्या मांजराकडे ‘त्याची सवयच आहे’ म्हणून पाहणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

पथ्यान्नाची आजची परंपरा सुरू झाली ती कुत्र्यापासून. अमेरिकेत मार्क मॉरिस या पशुवैद्याने बडी नावाच्या, अंध माणसाला वाट दाखवणाऱ्या कुत्रीच्या मूत्रपिंडांसाठी खास अन्न तयार केलं. मांजराला मात्र कुत्र्याच्या मापाने मोजून चालत नाही. टॉरीन हे द्रव्य त्याचं शरीर पुरेसं बनवू शकत नाही. 1987 मध्ये पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की टॉरीन कमी पडल्याने मांजरांचं हृदय फुगून दुबळं होतं, आणि ते पुरवलं की पुष्कळदा सावरतं. त्यामुळे घरी शिजवलेल्या चिकन-भातावर मांजराला महिनोन्‌महिने ठेवावं, असं मी कुणालाही सांगत नाही. पशुआहारतज्ज्ञाने घटक मोजून दिले असतील तर गोष्ट वेगळी.

नवं अन्न मांजराने नाकारलं तर ‘भूक लागली की खाईल’ म्हणून वाट पाहू नये. काही दिवसांच्या उपासानेही त्याच्या यकृतात चरबी साचू लागते, लठ्ठ मांजरात तर हा धोका फारच मोठा. जुन्या अन्नात नवं थोडं थोडं मिसळत जावं आणि पूर्ण बदल झाला की तिथून आठवडे मोजावेत.

सगळ्यात जास्त टाळली जाणारी पायरी शेवटची. मांजर बरं दिसू लागलं की जुनं अन्न मुद्दाम परत द्यायचं. मालकांचा हात इथे अडतो, आणि ते मी समजू शकतो. पण त्याशिवाय गुण पथ्याने आला की ऋतू पालटल्याने, हे ठरत नाही. करड्या मांजरीला आम्ही पुन्हा बांगडा दिला. तिसऱ्या दिवशी सकाळी ती उंबऱ्यावर बसून मागच्या पायाने मान खाजवत होती. आजींनीच फोन करून ते कळवलं, आणि वाटी आपण आधीच उचलली आहे, हेही.