शेतजमिनीचे न्यायालयीन वाटप

वडिलोपार्जित शेतजमिनीच्या वाटणीसाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६च्या कलम ८५नुसार महसूल अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. हक्काचाच वाद उपस्थित झाल्यास मात्र वारसांना दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा दाखल करावा लागतो.

न्यायालय प्रथम प्रत्येकाचा हिस्सा ठरविणारा प्राथमिक हुकूमनामा देते. हिंदू एकत्र कुटुंबातील मुलीला २००५च्या दुरुस्तीने जन्मतःच मुलाइतका हक्क मिळाला. दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४पूर्वी नोंदणीकृत दस्ताने वा हुकूमनाम्याने झालेली वाटणी मात्र अबाधित राहते. केवळ सातबारावर नाव नाही म्हणून बहिणीचा हिस्सा बुडत नाही; नोंदणीकृत हक्कसोडपत्रावर सही केल्यास मात्र तो जातो.

शेतसारा आकारलेल्या जमिनीचे प्रत्यक्ष वाटप न्यायालय करीत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४नुसार ते काम जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. मोजणीनंतर जमिनीचा कस, पाणी व वाट पाहून सरस-निरस वाटप होते. १९४७च्या तुकडेबंदी कायद्यानुसार वाटपात प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडे पाडता येत नाहीत. अशा वेळी एखाद्या वारसाला जमिनीऐवजी रोख मोबदल्यावर समाधान मानावे लागते.