शाळेचा खेळाडू कीं क्लबाचा?

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत उत्तम फुटबॉल खेळणाऱ्या मुलाला किंवा मुलीला वयाच्या चवदाव्या-पंधराव्या वर्षीं एका विलक्षण प्रश्नास तोंड द्यावें लागतें. शाळेकडून खेळावें, कीं क्लबाकडून? दोन्हींकडून खेळावें म्हटलें तर दिवसाचे तास पुरत नाहींत, आणि पुष्कळदां नियमही आड येतात. एकच बाजू निवडावी म्हटलें तर एकीकडे वर्गसोबती, गांव आणि शाळेचें नांव. दुसरीकडे वरच्या दर्जाचें शिक्षण, तुल्यबळ प्रतिस्पर्धी आणि पुढील आयुष्याच्या आशा. वरवर पाहतां हा एका घरापुरता, फार तर एका वेळापत्रकापुरता प्रश्न वाटतो. परंतु त्याचीं मुळें दीडशें वर्षांहून अधिक खोल गेलेलीं आहेत, आणि तीं उकरून पाहिल्यावांचून हा तंटा नीट उमगत नाहीं.

मौज अशी कीं, ह्या कथेच्या आरंभीं शाळा आणि क्लब यांचें वैर मुळींच नव्हतें. १८६२ सालीं बोस्टन शहरांत गेरिट स्मिथ मिलर नांवाच्या एका विद्यार्थ्यानें ‘ओनायडा फुटबॉल क्लब’ स्थापन केला. त्याचे सभासद म्हणजे डिक्सवेल यांच्या खाजगी शाळेंतील आणि शहरांतील इतर विद्यालयांतील मुलें. बोस्टन कॉमन या सार्वजनिक मैदानावर हीं मुलें जमत आणि हातपाय दोन्ही चालतील असा एक मिश्र खेळ खेळत. चार मोसमांत त्या संघावर एकही गोल झाला नाहीं, असें पुढें सांगण्यांत आलें. १९२५ सालीं हयात असलेल्या वृद्ध सभासदांनीं त्याच मैदानावर एक स्मारकशिला उभारून देशांतील पहिल्या संघटित फुटबॉल क्लबाचा मान आपल्या क्लबाला दिला. ह्या आठवणींत वार्धक्यांतील अभिमानाचा रंग किती, याची चिकित्सा अलीकडच्या संशोधकांनीं केली आहे. पण एवढी गोष्ट निर्विवाद आहे कीं, तो क्लब शाळकरी मुलांचा होता, आणि आपण शाळेचे कीं क्लबाचे, हा प्रश्न त्यांना पडण्याचें कारण नव्हतें.

वाटा फुटल्या त्या विद्यापीठांमुळें. ६ नोव्हेंबर १८६९ रोजीं रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यामध्यें जो प्रसिद्ध सामना झाला, त्यांत प्रत्येक बाजूस पंचवीस खेळाडू होते, आणि चेंडू हातीं घेऊन पळण्यास बंदी होती. रटगर्सनें तो सहा गोल विरुद्ध चार असा जिंकला. परंतु हार्वर्डला चेंडू घेऊन धावण्याचा खेळ प्रिय होता. १८७४ सालीं कॅनडांतील मॅकगिल विद्यापीठाशीं सामने खेळल्यावर हार्वर्डचा ओढा रग्बीकडे पक्का झाला, आणि १८७६ सालीं प्रमुख विद्यापीठांनीं रग्बीच्या धर्तीचे नियम स्वीकारले. विद्यापीठांचें अनुकरण शाळांनीं केलें. ‘फुटबॉल’ हें नांवच त्या देशांत दुसऱ्या खेळाकडे गेलें, आणि भारतांत ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ तेथें ‘सॉकर’ या नांवानें ओळखला जाऊं लागला.

विद्यापीठांनीं टाकलेला हा खेळ गिरणगांवांनीं उचलला. मॅसाच्युसेट्समधील फॉल रिव्हर येथें लँकेशायरचे कापडकामगार होते. न्यू जर्सींतील कर्नी येथें स्कॉटलंडहून आलेले सूतगिरणीचे कामगार होते. त्यांनीं मायदेशाहून आणलेल्या सामानांत हा खेळही होता. १८८४ सालीं नेवार्क येथें ‘अमेरिकन फुटबॉल असोसिएशन’ निघाली, आणि तिचा पहिला चषक क्लार्क कंपनीच्या दोरा-कारखान्यांतील संघानें जिंकला. १९१३ सालीं राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. ह्या जगांत क्लब म्हणजे कारखाना, चर्चची वस्ती अथवा एका भाषेच्या लोकांचा अड्डा. मुलगा बापाचा हात धरून मैदानावर जाई आणि मोठ्यांचें पाहून खेळ शिके. खेळ हा तेथें एक हुन्नर होता, आणि ज्याच्या अंगीं तो उत्तम असेल त्याला कांहीं पैसेही मिळत.

शाळांचें तत्त्वज्ञान याहून निराळें होतें. हायस्कुलांतील खेळ हा शिक्षणाचाच एक भाग, म्हणून त्याची सूत्रें शिक्षकांच्या हातीं असावींत, हें त्यांचें सूत्र. विसाव्या शतकाच्या आरंभीं महाविद्यालयें, क्लब आणि सामने भरवून पैसा मिळविणारे लोक हायस्कुलांतील मुलांना परस्पर खेळवूं लागले, तेव्हां मुख्याध्यापक सावध झाले. १९२० सालीं कांहीं राज्यांतील शालेय क्रीडासंघटनांनीं एकत्र येऊन जो संघ उभारला, तोच पुढें सर्व देशांतील हायस्कूल-क्रीडांचा राष्ट्रीय संघ झाला. शाळेचा मोसम चालू असतां त्याच खेळांत बाहेरच्या संघाकडून खेळूं नये, अशा धर्तीचे जे नियम अनेक राज्यांत आढळतात, त्यांच्यामागें हीच धास्ती आहे. कॅलिफोर्नियांत असा नियम आहे. मूल विकलें जाऊं नये, थकूं नये, त्याचा अभ्यास बुडूं नये, हा त्यांतील हेतु होय. तात्पर्य, पहिली भिंत बांधली ती शाळांनीं, आणि ती मुलांच्या रक्षणासाठीं बांधली.

ही भिंत असूनही दोन्ही जगें कित्येक वर्षें शेजाऱ्यांसारखीं नांदलीं. २९ जून १९५० रोजीं ब्राझिलमधील बेलो होरिझोंते येथें अमेरिकेच्या संघानें इंग्लंडचा एक गोलनें पराभव करून जगाला थक्क केलें. त्या अकरांपैकीं पांच जण सेंट लुइस शहरांतले होते, आणि दोघे फॉल रिव्हरचे. जो एकुलता गोल झाला, त्याचा मूळ फटका वॉल्टर बाहर यांचा होता, आणि त्याला डोक्यानें दिशा दिली ती जो गेटजेन्स यांनीं. हे बाहर फिलाडेल्फियांतील शाळाशिक्षक होते. आठवडाभर शाळा आणि सुटीच्या दिवशीं क्लब, असा त्यांचा क्रम. शाळा आणि क्लब एकाच माणसाच्या ठायीं नांदूं शकतात, याचें याहून बोलकें उदाहरण शोधावें लागणार नाहीं.

मग तंटा पेटला कशानें? तो खेळाच्या भरभराटीनें पेटला. १९६४ सालीं कॅलिफोर्नियांतील टॉरन्स येथें मुलांसाठीं एक मोठी संघटना निघाली. प्रत्येक मुलाला खेळावयास मिळालेंच पाहिजे, हें तिचें ब्रीद. १९७४ सालीं राष्ट्रीय बालयुवक सॉकर संघटना स्थापन झाली, आणि १९७५ सालीं पेले न्यूयॉर्कच्या कॉसमॉस संघांत दाखल झाले. इकडे १९७२ च्या कायद्यानें सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष भेद करण्यास बंदी झाली. त्याचा परिणाम आंकड्यांतच पाहावा : १९७१-७२ च्या वर्षीं साऱ्या देशांतील हायस्कुलांत मिळून अवघ्या ७०० मुली सॉकर खेळत, २०१८-१९ मध्यें ही संख्या चार लाखांच्या घरांत गेली होती, आणि मुलांची संख्या साडेचार लाखांच्या वर होती.

इतक्या मोठ्या समुदायांतून निवड होऊं लागली म्हणजे स्पर्धा तीव्र होते. उपनगरांतील क्लबांनीं पगारी शिक्षक नेमले, बारमाही सराव सुरू केला, आणि दूरदूरच्या स्पर्धांना संघ नेण्यास आरंभ केला. विद्यापीठांच्या शिक्षकांनाही हें सोयीचें झालें. शंभर शाळांच्या मैदानांवर हिंडण्यापेक्षां एका स्पर्धेंत शंभर निवडक खेळाडू पाहावयास मिळतात! त्यामुळें विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीची वाट शाळेच्या मैदानावरून निघून क्लबाच्या मैदानावरून जाऊं लागली. परंतु शाळेचा संघ गांवाच्या करांतून पोसला जातो, आणि क्लबाचा खर्च बव्हंशीं पालकांच्या खिशांतून होतो. टेक्सासमधील नॅकोडोचेस गांवचा क्लिंट डेम्प्सी हा पुढें राष्ट्रीय संघाचा नामांकित खेळाडू झाला. पण लहानपणीं डॅलसच्या क्लबांत खेळण्यासाठीं त्याला सुमारें तीन तासांचा प्रवास करावा लागे, आणि घरची ओढाताण झाली तेव्हां इतर खेळाडूंच्या पालकांनीं हातभार लावला म्हणून त्याचा खेळ टिकला. गांवच्या हायस्कूलचा संघ मात्र त्याला घराजवळच होता. ज्याच्या वाट्याला असे पालक आले नाहींत, त्याला शाळेचा संघ हाच एकमेव दरवाजा उरतो.

१९९९ सालीं राष्ट्रीय महासंघानें फ्लॉरिडांतील ब्रॅडेंटन येथें सतरा वर्षांखालील निवडक मुलांसाठीं निवासी शिक्षण सुरू केलें. लँडन डोनोव्हन आणि डामार्कस बीस्ली हे त्याच्या पहिल्याच तुकडींतले. पण एका वसतिगृहांत मावतील तेवढ्याच मुलांनीं देशाचें भागणार नव्हतें. म्हणून २००७ सालीं महासंघानें देशभरच्या साठाहून अधिक क्लबांना एकत्र करून ‘डेव्हलपमेंट अकादमी’ काढली. प्रथम कित्येक मुलांना अकादमी आणि शाळा हीं दोन्ही सांभाळण्यास सवड राहत असे. २०१२ सालीं मात्र महासंघानें दहा महिन्यांचा मोसम जाहीर केला, आणि अकादमींतील मुलांना हायस्कूलकडून खेळण्याची बंदी झाली. कांहीं खाजगी शाळांत खेळाच्या बळावर शिष्यवृत्ति मिळविणाऱ्या मुलांपुरता तेवढा अपवाद ठेवण्यांत आला. दुसरी भिंत ही अशी बांधली गेली, आणि ती क्लबांच्या बाजूनें बांधली गेली.

महासंघाच्या म्हणण्यांत तथ्य नव्हतें असें नाहीं. हायस्कूलचा मोसम सुमारें तीन महिन्यांचा. त्यांत सामन्यांची गर्दी इतकी कीं, सामना, विश्रांति, पुन्हां सामना ह्या रहाटगाडग्यांत शिकावयास वेळच राहत नाहीं. नियमही निराळे : चाळीस मिनिटांचे दोन भाग, आणि बाहेर काढलेला खेळाडू पुन्हां आंत येऊं शकतो. युरोपांतील त्याच वयाचीं मुलें वर्षभर एकाच शिक्षकाच्या हाताखालीं, सराव जास्त आणि सामने बेताचे, अशा रीतीनें घडत असतात. त्यांच्याशीं बरोबरी करावयाची तर हुन्नर हुन्नरासारखाच शिकला पाहिजे, असा हा युक्तिवाद.

शाळेच्या बाजूचा युक्तिवादही तितकाच सबळ आहे. शेंकडों मुलांपैकीं व्यावसायिक खेळाडू एखादाच होणार; उरलेल्यांना त्या वर्षांनीं काय दिलें, हा प्रश्न कोणीं तरी विचारला पाहिजे. क्लबाच्या सामन्याला पालकांपलीकडे प्रेक्षक क्वचितच येतात. शाळेच्या सामन्याला वर्ग लोटतो, शिक्षक येतात, शेजारी येतात. क्लबांत जो बाकावर बसून असतो तो शाळेंत कर्णधार होतो, आणि आपल्याहून कच्च्या सोबत्यांना सांभाळून घेण्याचा जो धडा तेथें मिळतो, तो निवडक खेळाडूंच्या घोळक्यांत मिळत नाहीं. सोळाव्या वर्षीं वर्गमित्रांबरोबर जिंकलेला सामना पंचविसाव्या वर्षीं मागून मिळत नसतो. उलट, दोन्ही दगडांवर पाय ठेवणाऱ्या मुलाचे गुडघे आणि अभ्यास यांचा विचार कोणीच केला नाहीं, तर त्यांतही कल्याण नाहीं.

बंदीचा प्रयोग मुलींच्या बाबतींत अधिकच अडखळला. २००९ पासून मुलींच्या निवडक क्लबांची एक स्वतंत्र लीग चालत आलेली होती, आणि तिनें हायस्कूलला मज्जाव केला नव्हता. २०१७ सालीं महासंघानें मुलींसाठींही अकादमी काढून तीच दहा महिन्यांची शिस्त लागू केली, तेव्हां क्लबांत आणि घराघरांत फूट पडली. शेवटीं एप्रिल २०२० मध्यें, साथीच्या संकटांत पैशाची ओढ लागल्याचें सांगून, महासंघानें मुलांची आणि मुलींची दोन्ही अकादमी बंद केली. मुलांसाठीं व्यावसायिक लीगनें त्याच वर्षीं ‘एमएलएस नेक्स्ट’ ही नवी व्यवस्था उभी केली, आणि अत्युच्च श्रेणींतील मुलांना हायस्कूल सोडावें लागण्याचा प्रघात तिच्याबरोबर पुढें चालू राहिला. मुलींच्या जुन्या लीगनें आपलें वेळापत्रक शाळांच्या मोसमाभोंवतीं बसविण्याची रीत सोडली नाहीं.

ह्या शेवटच्या गोष्टींतच कदाचित् उत्तराचा धागा आहे. देश विस्तीर्ण असल्यामुळें सर्व राज्यांचा शालेय मोसम एकाच वेळीं येत नाहीं. कोठें तो शरद ऋतूंत, तर टेक्सास-कॅलिफोर्नियांत हिंवाळ्यांत. जेथें दोन्ही पक्षांनीं एकत्र बसून दिनदर्शिका आंखली, तेथें तीन महिने शाळेचे आणि बाकीचे क्लबाचे, अशी वांटणी होऊं शकते. जेथें प्रत्येकानें आपली भिंत उंच केली, तेथें वांटणीचें काम घरांतील जेवणाच्या टेबलावर येऊन पडतें, आणि त्या घरांतील सर्वांत लहान माणसालाच सर्वांत मोठा निर्णय घ्यावा लागतो.

शाळांनीं भिंत बांधली ती मूल विकलें जाऊं नये म्हणून. महासंघानें बांधली ती मूल मागें पडूं नये म्हणून. दोन्ही हेतु चांगले, आणि दोन्ही भिंतींच्या मध्यें तेंच एक मूल उभें. बोस्टनच्या मैदानावरील विद्यार्थ्यांना शाळा आणि क्लब हीं एकाच दिवसाचीं दोन अंगें वाटत होतीं. तो काळ परत येणें शक्य नाहीं, कारण खेळ आतां फार मोठा झाला आहे. परंतु वेळापत्रक हें माणसांनींच आंखलेलें असतें, आणि माणसांनीं आंखलेलें तें माणसांना पुन्हां आंखतांही येतें.