गार हवा कोणासाठी?

1982 च्या संपानंतर तीस वर्षांनी, 2012 साली, मुंबईत गिरणी कामगारांच्या 6,925 घरांची सोडत निघाली. घर 225 चौरस फुटांचे, पण स्वतःचे! पहिल्याच उन्हाळ्यात अशा घरात प्रश्न निघतो, गार हवेचे यंत्र घ्यावे की कूलर?

या यंत्राचा इतिहास आम्हां कामगारांना जरा बोचणारा आहे. 1902 साली अमेरिकेत ब्रुकलीनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे आणि रंगावर रंग नेमका बसेना. विलिस कॅरिअर या तरुण इंजिनिअराने थंड नळ्यांवरून हवा खेळवून तिच्यातला ओलावा काढला. म्हणजे सोय झाली ती कागदाची! ‘एअर कंडिशनिंग’ हे नाव 1906 साली स्टुअर्ट क्रेमर याने दिले, तेही कापडगिरण्यांतल्या कामावरून. तिथे गरज उलटी. कोरड्या हवेत सूत तुटते, म्हणून साचेखात्यात हवा मुद्दाम ओली ठेवायची. सूत टिकले, माणूस घामाने निथळला. घाम वाळल्यावाचून अंग निवत नाही आणि ओल्या हवेत घाम वाळत नाही, हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही.

कूलरचे मर्मही हेच. पाणी वाळताना हवेतली उष्णता घेते, म्हणून नागपूर-सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याचा कूलर गुण देतो. मुंबईच्या दमट मे महिन्यात, खिडक्या लावून तोच कूलर चालवला, तर तासाभरात खोलीचे साचेखाते होते.