गटचर्चा आणि वापरकर्त्यांचे अभिप्राय : संकेतलेखनाविना जोडणीच्या तंत्राचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

साधन तयार करणारा आणि ते साधन वापरणारा यांच्यातील संवाद हा तंत्रज्ञानाच्या इतिहासातील तुलनेने दुर्लक्षित विषय आहे. संगणकाचा इतिहास लिहिताना यंत्रांचा वेग, स्मृतिक्षमता आणि कंपन्यांची उलाढाल यांची नोंद होते. परंतु वापरताना आलेली अडचण वापरकर्त्याने कोणाजवळ सांगितली, ती कोणी ऐकली व तिचे पुढे काय झाले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. आज गटचर्चेसाठी एक अॅप असते, अभिप्राय व तक्रारी नोंदविण्यासाठी दुसरे असते, आणि या दोहोंना जोडण्यासाठी संकेतलेखन न येणाऱ्या व्यक्तीलाही हाताळता येईल असे तिसरे साधन वापरले जाते. ही तिहेरी रचना कशी उदयास आली, याचा मागोवा सदर निबंधात घेतला आहे.

उद्दिष्टे

१. गटचर्चा व अभिप्राय यांच्या संगणकीय साधनांचा उगम शोधणे.
२. ही साधने एकमेकांपासून विभक्त का झाली, याची कारणे तपासणे.
३. संकेतलेखनाविना होणाऱ्या जोडणीची उपयुक्तता व मर्यादा स्पष्ट करणे.

गृहीतक

चर्चा व अभिप्राय ही मुळात एकाच व्यवस्थेची दोन अंगे होती. त्यामुळे त्यांची आजची जोडणी हा केवळ तांत्रिक सोयीचा विषय नसून उत्तरदायित्वाचा विषय आहे, असे गृहीतक येथे मांडले आहे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

विषय विवेचन

१. उगम : प्लेटो प्रणाली

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९६० मध्ये डोनाल्ड बिट्झर यांच्या पुढाकाराने प्लेटो ही संगणकाधारित शिक्षणप्रणाली सुरू झाली. प्रणालीतील दोष कळविण्यासाठी आरंभी एक सामाईक फाइल असे. तीत कोणीही लिहू शके. परंतु दुसऱ्याने लिहिलेले कोणीही बदलू वा पुसूही शके. कोणी काय लिहिले याची खात्री नसल्याने १९७३ मध्ये पॉल टेन्झार यांनी डेव्हिड वुली या सतरा वर्षांच्या तरुणाकडे नवी आज्ञावली लिहिण्याचे काम सोपविले. लिहिलेला मजकूर सुरक्षित राहावा व लेखकाची ओळख निश्चित असावी, एवढीच अपेक्षा होती. वुली यांनी मात्र प्रत्येक नोंदीखाली इतरांनाही प्रतिसाद देता येतील अशी सोय केली. यातून ‘नोट्स’ ही व्यवस्था आकारास आली. दोष कळविण्याच्या गरजेतून समूहचर्चेचे एक आद्य साधन जन्मास आले, ही बाब येथे विशेष महत्त्वाची आहे. तक्रार, तीवरील चर्चा आणि जबाबदार कर्मचाऱ्याचे उत्तर ही तिन्ही एकाच ठिकाणी, सर्वांच्या डोळ्यांसमोर राहत.

हीच परंपरा पुढे व्यापारी क्षेत्रात गेली. विद्यार्थिदशेत प्लेटोशी परिचय झालेल्या रे ओझी यांनी १९८४ मध्ये आयरिस असोसिएट्स ही कंपनी स्थापन केली आणि १९८९ मध्ये ‘लोटस नोट्स’ बाजारात आले. चर्चेचा संग्रह, अर्जाचे नमुने आणि सूत्रांच्या साहाय्याने ठरविता येणारी कार्यवाही त्यात एकत्र होती. १९९५ मध्ये आयबीएमने लोटस कंपनी विकत घेतली, तर २०१९ मध्ये हे उत्पादन एचसीएल या भारतीय उद्योगसमूहाकडे आले.

२. विभाजन

इंटरनेटच्या विस्ताराबरोबर हे ऐक्य टिकले नाही. १९७९ मध्ये ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस यांनी कल्पिलेले यूजनेट चर्चेचे विशाल जाळे बनले. तेथे संभाषण विपुल होते. पण एखादी तक्रार निकाली निघाली की नाही, हे कळण्याची खात्रीशीर सोय नव्हती. याच उणिवेतून दोष-नोंदणीच्या स्वतंत्र प्रणाली पुढे आल्या. नेटस्केपने १९९८ मध्ये मोझिला प्रकल्प खुला केला, त्याच वर्षी टेरी वाइसमन यांची ‘बगझिला’ ही प्रणालीही सार्वजनिक झाली. तीत प्रत्येक दोषाला क्रमांक, जबाबदार व्यक्ती आणि ‘नवा’, ‘सोपविलेला’, ‘सोडविलेला’ अशी स्थिती प्राप्त झाली. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘यूजरव्हॉइस’सारख्या सेवांनी सामान्य वापरकर्त्याला सूचना मांडण्याची व इतरांच्या सूचनांना मत देण्याची संधी दिली.

या विभाजनामुळे शिस्त आली, हे मान्य करावे लागते. तथापि त्याची किंमतही मोजावी लागली. माणसे जेथे मनमोकळेपणाने बोलतात तेथे नोंद होत नाही, आणि जेथे नोंद होते तेथे माणसे सहसा बोलत नाहीत, अशी स्थिती निर्माण झाली. परिणामी चर्चेतील मजकूर उचलून नोंदवहीत भरण्याचे काम कोणातरी कर्मचाऱ्याच्या हाती, त्याच्या सवडीवर व स्मरणावर अवलंबून राहिले.

३. जोडणीच्या तंत्राचा विकास

स्वतंत्र आज्ञावल्या एकमेकींना जोडण्याची कल्पना याहून जुनी आहे. बेल प्रयोगशाळेतील डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मधील एका टिपणात, बागेतील नळ्या जोडाव्यात तशा आज्ञावल्या जोडता याव्यात, असा विचार मांडला होता. केन थॉम्पसन यांनी तो १९७३ मध्ये युनिक्स प्रणालीत ‘पाइप’ या रूपाने साकार केला. योगायोगाने ‘नोट्स’चेही हेच वर्ष होय. याच नावाचा वारसा सांगणारी ‘याहू पाइप्स’ ही सेवा फेब्रुवारी २००७ मध्ये आली. पडद्यावर चौकटी मांडून त्या रेषांनी जोडल्या की माहितीचे प्रवाह एकत्र करता येत. त्याच वर्षी जेफ लिंडसे यांनी ‘वेबहुक’ ही संज्ञा रूढ केली. दुसऱ्या प्रणालीने ठरावीक अंतराने ‘काही नवीन आहे काय?’ असे विचारत बसण्याऐवजी, घटना घडताच पहिल्या प्रणालीने स्वतः निरोप धाडावा, हे त्यामागील तत्त्व होय.

या पायावर २०११ मध्ये आयएफटीटीटी आणि झॅपियर, २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्ट फ्लो (२०१९ पासून पॉवर ऑटोमेट) आणि २०१९ मध्ये एनएटएन ही साधने उभी राहिली. २०१४ मध्ये स्लॅक ही गटसंवादाची सेवा सर्वांसाठी खुली झाल्यानंतर अशा जोडण्यांचे प्रमाण वाढले.

या साधनांची कार्यपद्धती ‘अमुक घडले तर तमुक करावे’ या नियमावर आधारलेली आहे. उदाहरणार्थ, चर्चेतील एखाद्या संदेशावर विशिष्ट चिन्ह उमटविले की ती घटना कार्यप्रवाहास चालना देते. त्यानंतर संदेशाचा मजकूर व मूळ चर्चेचा दुवा अभिप्रायाच्या अॅपमधील योग्य रकान्यांत भरला जातो. अशीच नोंद आधी असल्यास नवी न करता जुन्या नोंदीस दुवा जोडणे, ही अट मध्येच घालता येते. पुढे नोंदीची स्थिती ‘पूर्ण’ झाली की मूळ चर्चेत उत्तर पाठविले जाते. हा परतीचा मार्ग वैकल्पिक समजला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते मात्र तोच या व्यवस्थेचा गाभा होय, कारण वुली यांच्या आज्ञावलीत तो अंगभूत होता.

४. मर्यादा

पहिली मर्यादा परावलंबित्वाची आहे. याहू पाइप्स ही सेवा सप्टेंबर २०१५ मध्ये बंद झाली आणि तिच्यावर उभारलेल्या जोडण्या निकामी झाल्या. २०२३ मध्ये ट्विटरने आपल्या एपीआयचा पूर्वीचा विनामूल्य प्रवेश मोठ्या प्रमाणात मर्यादित केला. दुसरी मर्यादा तांत्रिक आहे. स्वयंचलित उत्तरालाच नवा संदेश समजून कार्यप्रवाह पुन्हा सुरू झाल्यास निरोपांचे दुष्टचक्र निर्माण होते. तिसरी मर्यादा खासगीपणाची आहे. गटात विश्वासाने लिहिलेला मजकूर लेखकाच्या नावासह तिसऱ्या सेवेमार्फत अन्यत्र जातो. भारताने २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संमत केल्यानंतर ही बाब दुर्लक्षिण्याजोगी राहिलेली नाही.

निष्कर्ष

१. गटचर्चा व अभिप्राय यांचा उगम एकत्र झालेला असून त्यांचे विभाजन नंतरच्या काळातील आहे. त्यामुळे गृहीतकाचा पहिला भाग सिद्ध होतो.
२. संकेतलेखनाविना होणारी जोडणी हे ऐक्य पुन्हा साधू पाहते. मात्र ती मजकूर वाहून नेते, जबाबदारी नाही. प्लेटोमध्ये उत्तर देणारा माणूस नावानिशी समोर असे. आजच्या कार्यप्रवाहात तो नेमून द्यावा लागतो.
३. परतीचा मार्ग नसलेली जोडणी केवळ नोंदींची संख्या वाढविते.

महाविद्यालयांच्या दृष्टीने हा विषय दूरचा नाही. नॅकच्या २०१७ च्या सुधारित आराखड्यात अभिप्राय पद्धतीस स्वतंत्र स्थान देण्यात आले व केलेल्या कार्यवाहीची नोंदही अपेक्षित धरली गेली. विद्यार्थी आपली खरी अडचण मित्रांच्या गटात लिहितो आणि अभिप्रायाच्या प्रपत्रात ‘समाधानकारक’ या पर्यायावर खूण करतो, हा आपल्यापैकी अनेकांचा अनुभव असावा. त्याच्या खासगी गटात डोकावणारी जोडणी हा यावरील उपाय नव्हे. त्याने आपणहून सांगितलेल्या गोष्टीचे उत्तर त्याच्यापर्यंत पोहोचते, हा विश्वास निर्माण करणे हाच खरा उपाय होय. तंत्र त्यास साहाय्य करू शकते. परंतु उत्तर कोण देणार, हे संस्थेनेच ठरवावयाचे असते.