सायकल हेच ऑफिस

आजारी असताना सायकलवर कामाला जावं का, हा प्रश्न १९६७ मध्ये टॉम सिम्पसनलाही पडला होता. फरक एवढाच, की त्याची सायकल हेच त्याचं ऑफिस! टूर द फ्रान्सच्या आल्प्समधल्या टप्प्यात पोट बिघडलं, खाल्लेलं टिकेना. पण वरचा नंबर आला तरच पुढे चांगले पैसे मिळणार होते. आपण निदान सिक लीव्ह टाकतो राव. तीन दिवसांनी, १३ जुलैच्या भाजणाऱ्या उन्हात, माँ व्हाँतूच्या चढावर तो कोसळला. त्याला परत सायकलवर बसवलं, थोडं पुढे जाऊन पुन्हा कोसळला, तो कायमचाच. वय २९. शवविच्छेदनात अँफेटामिन आणि दारू सापडली. लोकांना तेवढंच आठवतं, मला मात्र आधीचे ते तीन दिवस जास्त छळतात. तिथे आता त्याचं स्मारक आहे. चढून आलेले सायकलवाले पाण्याच्या बाटल्या, टोप्या ठेवून जातात.