चढत्या डोसची बदनामी

टाइप वन मधुमेह असलेल्या मुलीच्या घरी पाहुणे आले की चहाबरोबर एक प्रश्न ठरलेला: "आता किती युनिट घेते?" आकडा मागच्या खेपेपेक्षा मोठा निघाला की "अगंबाई, वाढलं का?" आणि आईकडे एक नजर. त्या नजरेत एक पक्का सिद्धान्त असतो. डोस वाढला म्हणजे आजार बळावला, नाहीतर पथ्य मोडले; घटला म्हणजे गुण आला.

हे आले कुठून, ते उघड आहे. आपल्या घरांत मधुमेह म्हणजे आजोबांचा, टाइप टू. तिथे आधी पथ्य, मग गोळी, मग दुसरी गोळी, शेवटी सुई. बहुधा पायरीगणिक स्वादुपिंड थकत गेलेले असते. तिथे या समजुतीत थोडे तथ्य आहे. नातीच्या शरीरात मात्र इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी तिच्याच प्रतिकारशक्तीने जवळजवळ संपवल्या आहेत. संपलेले आणखी काय बळावणार?

हिशेबच मांडू. आठव्या वर्षी, 25 किलो वजनाला, तिला दिवसाला 18 युनिट पुरत होते असे धरा. तेराव्या वर्षी वजन 45. जुन्या दराने 32 युनिट पुरावेत, लागतात 54. वरचे 22 चोरून खाल्लेल्या पेढ्यांमुळे नव्हेत. वयात येताना वाढीचे संप्रेरक जोरात स्रवते आणि ते इन्सुलिनला दाद लागू देत नाही. बाकावर शेजारी बसणाऱ्या निरोगी मैत्रिणीचे स्वादुपिंडही याच वर्षांत जादा इन्सुलिन सोडत असते. फरक इतकाच, की तिचे कोणी मोजत नाही. माझ्या मते वाद इथेच मिटायला हवा. पुढे गरोदरपणात हीच गरज उत्तरार्धात दुप्पटही होते आणि वार पडताच झपकन खाली येते. त्याला कोणी आजार बळावला, मग पळाला, असे म्हणेल का?

बरे, घटता डोस तरी शुभ मानावा? निदानानंतर काही महिने उरल्यासुरल्या पेशी सावरतात आणि अगदी थोडक्या युनिटांत भागते. डॉक्टर याला 'हनिमून' म्हणतात. आठ वर्षांच्या पोराला लावायला हा शब्द कोणाला सुचला कोण जाणे. काढेवाल्यांची सगळी कीर्ती या मुदतीवर उभी आहे. काढा सुरू होतो, सुई बंद होते, आणि मूल कीटोॲसिडोसिसने आयसीयूत पोहोचते. दुसरे टोक याहून वाईट. मूत्रपिंडे निकामी होऊ लागली तरी डोस घटतो, कारण इन्सुलिनचा निचरा करण्यात त्यांचाही वाटा असतो.

तापातला घोळही याच सिद्धान्ताचा. "जेवलीच नाही, मग इन्सुलिन कशाला?" पण तापात गरज सहसा वाढते, आणि पोट रिकामे असले तरी यकृत रक्तात साखर सोडतच राहते. अशा वेळी मात्रा बदलावी लागेल. पायाभूत इन्सुलिन पूर्ण बंद करणे मात्र जिवावर बेतते.

वाढीची चौकशीच करू नये, असे मी म्हणत नाही. एकाच जागी टोचून टोचून चरबीची गाठ झाली असेल, तर तिथून औषध धड शोषले जात नाही. पण मोकळ्या जागी तोच डोस दिला तर शुगर खाली कोसळू शकते. कुपी उन्हात तापलेली असू शकते. आपल्याकडची खास चूक म्हणजे 40ची कुपी आणि 100ची सिरिंज: दहाच्या खुणेपर्यंत भरले तरी अंगात चारच युनिट जातात. ही चौकशी सुईची, कुपीची, जागेची. मुलीच्या चारित्र्याची नव्हे.

1993 साली अमेरिका-कॅनडातील 1,441 रुग्णांच्या डीसीसीटी अभ्यासाने दाखवले, की डोळे आणि मूत्रपिंडे वाचतात ती रक्तातली साखर काबूत ठेवल्याने. त्यासाठी तिथे दिवसातून तीन किंवा अधिक वेळा टोचत, नाहीतर पंप वापरत, आणि तपासणीत जो आकडा येई त्याप्रमाणे डोस वरखाली करत. आपल्याकडची तेरा वर्षांची मुलगी मात्र पाहुण्यांसमोर 54चे 40 सांगते. आणि एखाद्या दिवशी खरोखरच 40 घेते.